चोर कोण? राबणारा की नियम करणारा?

विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला प्रश्न केला. "वकीलसाहेब, अमेरिकेत कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना आता लाखो डॉलर मिळतात. त्यात जवळपास निम्मी पोरं कृष्णवर्णीय. काही वर्षांपूर्वी हीच पोरं पैसे घेताना सापडली की त्यांना भ्रष्ट म्हणून बाहेर काढत होते. आता तेच पैसे कायदेशीर झाले. मग आधीचा गुन्हा खरा होता, की आताचा कायदा खरा आहे? आणि तिथला प्रश्न सुटला असं समजायचं काय?"

प्रश्न वकिलाला विचारला होता, तेव्हा उत्तरही वकिलासारखेच द्यायला हवे. एखादा नियम न्यायाचा आहे की अन्यायाचा, हे त्याचा मसुदा वाचून कधीच कळत नाही. तो नियम कोणाला शिक्षा करतो आणि कोणाला मोकळे सोडतो, हे पाहिल्यावर कळते. एकाच अपराधाला वर्णाप्रमाणे वेगवेगळा दंड सांगणारी मनुस्मृती ज्या समाजाच्या मानगुटीवर शतकानुशतके बसली होती, त्या समाजाला ही कसोटी नव्याने शिकवण्याची गरज नाही. हीच कसोटी अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलला लावून पाहू.

प्रथम थोडी माहिती. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्या पोरांचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकमेकांच्या अंगावर धडका मारायचा तो खेळ आहे. विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहायला काही मैदानांवर लाख-लाख माणसे बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर येतात. हे संघ भरायला प्रशिक्षक गावोगावच्या शाळांत फिरतात, धिप्पाड आणि चपळ पोरे हेरतात, त्यांच्या घरी जाऊन आईबापांना पटवतात. पोराला शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे फी, खोली, जेवण आणि पुस्तके. त्यापलीकडे एक डॉलरही घ्यायचा नाही, असा दंडक एनसीएए ही विद्यापीठांची राष्ट्रीय क्रीडा संघटना कित्येक दशके चालवत होती. परंतु चांगला खेळाडू आपल्याच विद्यापीठात यावा म्हणून तिथले धनाढ्य पाठीराखे, ज्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात, गुपचूप पाकिटे देत, मोटारी देत, घरभाडे भरत. हे उघडकीस आले की त्याला 'नियमबाह्य लाभ' म्हणायचे आणि पोराला खेळण्यास अपात्र ठरवायचे. 'हौशी' खेळाडूने पैसे घेतले, हा त्याचा अपराध.

आता हा 'हौशी' शब्द आला कुठून? तो आला इंग्लंडच्या उमराव मंडळींकडून. १८७९ साली हेन्ली येथील प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या नियमांत हौशी कोणाला म्हणावे हे लिहिले गेले. पैशासाठी शर्यत लावणारा तर त्यातून बाद झालाच, पण जो धंद्याने कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे, तोही बाद. त्याने शर्यतीसाठी एक पैसा घेतला नसला तरी बाद! हाताने काम करणे हाच विटाळ. वाचकहो, हे वाचताना आम्हाला क्षणभर आपल्याच गावची वेस दिसली. इंग्रजांच्या क्रिकेटमध्ये तर 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे दोन वर्णच होते, आणि ते १९६२ पर्यंत टिकले. आपले पळवणकर बाळू पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत आणि साहेबांना चेंडू टाकीत. ग्रेगसाहेब बाद झाला की तो बाळूंच्या हातावर आठ आणे ठेवी, असे सांगतात. एनसीएएच्या हिशेबाने ते आठ आणे नियमबाह्यच! (१९३७ साली बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हा इतिहास वेगळा आणि आम्ही तो विसरलेलो नाही.) अमेरिकेचा आदिवासी धावपटू जिम थॉर्प याने १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. पूर्वी कधीतरी किरकोळ पैशावर बेसबॉल खेळला, म्हणून १९१३ मध्ये ती काढून घेतली. तो एकटाच खरा विजेता होता हे मान्य करायला ऑलिम्पिक समितीला २०२२ साल उजाडावे लागले. ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच फुकट खेळणे परवडते. म्हणून फुकट खेळणे हाच सद्गुण ठरवला गेला.

अमेरिकेत या सद्गुणाला कायद्याचे कवच कसे चढवले, ते पाहण्यासारखे आहे. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कारण काय? कॉलेज हे फुटबॉलच्या धंद्यात नाही! असे दावे पुढे वाढतील या धास्तीने एनसीएएने त्याच काळात एक नवा शब्द घडवला, 'विद्यार्थी-खेळाडू', आणि तो प्रत्येक कागदावर सक्तीने छापला. आधी विद्यार्थी म्हटले की कामगार म्हणता येत नाही, आणि कामगार म्हणता आले नाही की भरपाई नाही, मजुरी नाही, संघटना नाही. हे आमचे अनुमान नव्हे. १९५१ पासून तीन दशकांहून अधिक काळ एनसीएएचा कारभार हाकणारे वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर १९९५ साली पुस्तक लिहून या व्यवस्थेतली मळेमालकाची वृत्ती उघड केली. मळे म्हणजे कोणते, हे अमेरिकेत वेगळे सांगावे लागत नाही. ज्या मळ्यांवर गुलाम राबत, ते.

शिष्यवृत्ती मिळते ना, मग तक्रार कसली, असा प्रश्न आपल्यातलेही काही शिकलेले लोक करतात. त्यांनी महार वतन आठवावे. वतनातही मोबदला होताच. इनामाचा तुकडा होता, बलुते होते. त्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे काम रात्री-बेरात्री करायचे, आणि बलुते किती द्यायचे हे गावाच्या मर्जीवर. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणताना बाबासाहेबांचे म्हणणे हेच होते, की काम घ्यायचे असेल तर रोख वेतन द्या. ते वतन कायद्याने जायला १९५८ उजाडले. अमेरिकेतील शिष्यवृत्तीचे पाहा. १९७३ साली ती एकेका वर्षाची केली गेली. पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही, हे प्रशिक्षकाच्या हाती. गुडघा मोडला, प्रशिक्षकाचे मन फिरले, की पोरगा बाहेर. एकाहून अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा २०१२ मध्ये मिळाली. याला शिक्षण म्हणायचे की बलुते, हे वाचकांनी ठरवावे.

आता कसोटीकडे येऊ. शिक्षा कोणाला झाली?

टेक्सास राज्यात डॅलस शहरी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आहे. तिथे एका पाठीराख्याच्या पैशातून खेळाडूंना दरमहा ठरलेली रक्कम मिळत असे, कोणाला ५० डॉलर, कोणाला ७२५ डॉलरपर्यंत. तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर गेले. विद्यापीठाला त्याआधीच शिक्षा झालेली होती आणि आता असे होणार नाही अशी हमीही दिलेली होती, तरी हप्ते चालूच राहिले. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएने या संघाचा १९८७ चा संपूर्ण हंगामच रद्द केला. तिकडे या शिक्षेला 'मृत्युदंड' म्हणतात. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःच सोडला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. हप्ते चालू ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्यांत विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स होते, आणि ते तोवर टेक्सासचे गव्हर्नर झालेले होते. मार्च १९८७ मध्ये त्यांनी स्वतःच हे कबूल केले. खेळाडूंचा संघ मोडला. गव्हर्नरसाहेब मात्र आपली मुदत पुरी करून १९९१ च्या जानेवारीत सन्मानाने पायउतार झाले.

मेम्फिस शहरातील दुसरे प्रकरण आम्हाला याहून जास्त अस्वस्थ करते. तिथल्या एका सरकारी शाळेत अल्बर्ट मीन्स नावाचा तगडा कृष्णवर्णीय मुलगा खेळत होता. लोगन यंग या श्रीमंत गृहस्थाने हा मुलगा अलाबामा विद्यापीठात यावा म्हणून त्याच्या शाळेतील प्रशिक्षकाला दीड लाख डॉलर दिले, असा आरोप होता. २००५ साली संघराज्याच्या न्यायालयात यंग दोषी ठरला. वकील म्हणून आम्ही त्या आरोपांकडे पाहतो तेव्हा एक गोष्ट नजरेत भरते. गुन्हा होता तो सरकारी शाळेच्या नोकराला लाच देण्याचा आणि त्यासाठी राज्याची सीमा ओलांडण्याचा. पोराचा सौदा परस्पर झाला, बाजारात बैलाचा होतो तसा, ही गोष्ट आरोपपत्रात कुठल्या कलमाखाली बसली नाही. कारण त्या अपराधाला कलमच नव्हते. म्हणून आम्ही पाठीराख्यांच्या पाकिटांचे गोडवे गात नाही. जो धनाढ्य बैलाला शर्यतीआधी गूळ-पेंड चारतो, तो बैलाचा मुक्तिदाता नसतो. प्रशिक्षक दलाल झाला तर तो दलालच. पण पाकीट हा रोग नव्हे. मजुरी दारातून येऊ दिली नाही, म्हणून ती खिडकीतून आली.

ओहायो स्टेट विद्यापीठाची गोष्ट तर तमाशातील सोंगासारखी आहे. २०१० च्या डिसेंबरात पाच खेळाडू दोषी ठरले. काय केले त्यांनी? स्वतः जिंकलेल्या अंगठ्या आणि आपले सदरे विकले, आणि गोंदवणाऱ्याकडून सवलतीत गोंदवून घेतले. शिक्षा, पाच सामने बंदी. पण कधीपासून? पुढच्या हंगामापासून! कारण जानेवारी २०११ मध्ये शुगर बोल हा मोठ्या पैशाचा सामना होता आणि त्यात हे पाचही हवे होते. ते खेळले. त्यांच्या घामावर सगळ्यांचे पैसे निघाल्यावर मग त्यांचा अपराध मोजायला सुरुवात झाली. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे प्रकरण कित्येक महिने आधी ठाऊक होते आणि त्यांनी ते दडवले. २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, हे खरे. पुढे ते एका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये ओहायो राज्याचे उपगव्हर्नर झाले.

हे सगळे एका पारड्यात ठेवा, आणि दुसऱ्या पारड्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ ठेवा. हे प्रकरण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण यात शिक्षणाचा संबंध आहे.

२०१० साली तिथल्या फुटबॉल खेळाडूंनी दलालांकडून पैसे आणि भेटी घेतल्याची चौकशी सुरू झाली. त्या चौकशीत धागा निघत गेला आणि भलतेच बाहेर आले. विद्यापीठाच्या आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात असे वर्ग होते, जे भरतच नसत. प्राध्यापक नाही, तास नाही, हजेरी नाही. शेवटी एक निबंध द्यायचा, आणि तो तपासायची कोण? विभागातील एक कारकून बाई! गुण भरघोस. १९९३ ते २०११, अठरा वर्षे हे चालले. २०१४ च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१०० हून अधिक विद्यार्थी या वर्गांतून गेले आणि त्या प्रवेशांपैकी जवळपास निम्मे खेळाडूंचे होते. खेळाडूंच्या सल्लागारांनी त्यांना तिकडे वळवायचे, म्हणजे गुण टिकतात, पात्रता टिकते आणि सरावाला पूर्ण वेळ मिळतो. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी झगडून मिळवलेला, त्यांचा इतिहास शिकवणारा विभाग, आणि त्यांच्याच पोरांना न शिकवण्यासाठी तो वापरला गेला.

मग शिक्षा काय झाली? खेळाडूंनी घेतलेल्या पैशांबद्दल आणि त्या अनुषंगाने निघालेल्या गैरप्रकारांबद्दल फुटबॉल संघाला मार्च २०१२ मध्ये शिक्षा झाली, एक वर्ष अंतिम सामन्यांना बंदी आणि पंधरा शिष्यवृत्त्या कमी. आणि अठरा वर्षांच्या खोट्या वर्गांबद्दल? ऑक्टोबर २०१७ मध्ये एनसीएएच्या समितीने सांगितले की या वर्गांबाबत नियमभंग झाल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणजे खेळाडूंना 'विशेष लाभ' मिळाला असे होत नाही! आम्ही ही ओळ दोनदा वाचली. गोंदवण्यातली सवलत हा लाभ. अंगठी विकून आलेले पैसे हा लाभ. पण चार वर्षे फसवून पोराला कोरे ठेवले, तर त्याला नियमांच्या जाड पुस्तकात शब्द नाही.

ज्या शिक्षणाच्या नावावर मजुरी नाकारली, ते शिक्षणही दिले नाही. मग राहिले काय? ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढलेला डेक्स्टर मॅनली हा नामांकित व्यावसायिक खेळाडू १९८९ साली सिनेटच्या समितीपुढे बसून रडत सांगत होता की आपल्याला वाचता येत नव्हते. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा तिथे फुटबॉल बंद होता, खेळातील जीवघेण्या धडकांमुळे आणि भरतीतील गैरप्रकारांच्या बोभाट्यामुळे तो १९०५ च्या हंगामानंतर बंद झाला होता आणि १९१५ साली पुन्हा सुरू झाला. अमेरिकेच्या विद्यापीठाने एका अस्पृश्य विद्यार्थ्याला काय दिले, हे आपण जाणतो. तशाच विद्यापीठांनी आपल्या घरच्या कृष्णवर्णीय पोरांना काय दिले, हे हे प्रकरण सांगते.

आता आमच्या तरुण मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कायदा बदलला, हे खरे आहे. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. वाद कशावर होता ते ऐका. संगणक, पदवीनंतरच्या शिक्षणाचा खर्च, प्रशिक्षणाचे भत्ते, असे शिक्षणाशी संबंधित लाभ खेळाडूंना देण्यावरही एनसीएएची मर्यादा होती आणि ती टिकवण्यासाठी ही संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली! न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र निकालपत्रात विचारले, की सगळ्या उपाहारगृहांनी संगनमत करून आचाऱ्यांचा पगार पाडला तर ते चालेल काय? दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे, आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंत दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटता येतील.

रक्कम मोठी दिसते. पण टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका प्रशिक्षकाला काढून टाकताना कराराप्रमाणे सात कोटी डॉलरहून अधिक देण्याचे कबूल केले, काम न करण्याबद्दल! त्याशेजारी ही रक्कम ठेवून पाहा. शिवाय वाटणी कशी होते? ज्याच्या हाती चेंडू असतो आणि ज्याचा चेहरा पडद्यावर दिसतो त्याला लाखो, आणि त्याच्यासाठी समोरच्याच्या धडका छातीवर झेलणाऱ्याला फार थोडे. खालच्याने वरच्याकडे पाहत झुरायचे आणि एकमेकांचा हात धरायचा नाही, या रचनेला आपल्याकडे श्रेणीबद्ध विषमता म्हणतात.

आणि मूळ मुद्दा तर तसाच राहिला. पैसे आले, पण तो मजुरी म्हणून आलेला नाही. कुठे जाहिरातीचा म्हणून आला, कुठे तडजोडीचा वाटा म्हणून. 'कामगार' हा शब्द विद्यापीठांनी आजवर तोंडातून काढलेला नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांसाठी मैदाने आणि पूल बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी पैशावर काम करून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच, मग मजूर आपल्या पायांनी चालत आला असला तरी. पोटाची सक्ती हीही सक्तीच. 'पोरं स्वखुशीने सही करतात' असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर आम्हाला अमेरिकेच्या कायद्यात सापडलेले नाही.

तिथल्या पोरांनी प्रयत्न केला नाही असे नव्हे. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी कामगार संघटना काढायचे ठरवले. मार्चमध्ये कामगार मंडळाच्या शिकागोतील अधिकाऱ्याने हे खेळाडू कामगार आहेत असा निर्णय दिला. एप्रिलमध्ये पोरांनी मतदानही केले. विद्यापीठ अपिलात गेले म्हणून मतपेट्या मोहोरबंद झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनमधील मंडळाने या प्रकरणात हात घालायचेच नाकारले, आणि ती मते कधीच मोजली गेली नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने तेरा विरुद्ध दोन मतांनी संघटनेचा कौल दिला. कॉलेज वाटाघाटीला बसलेच नाही, आणि सरकार बदलल्यावर मंडळ विरोधात जाईल या भीतीने वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घ्यावा लागला.

येत्या दोन रविवारी अभ्यासवर्गात आम्ही आशियाड खटल्याचा निकाल पहिल्या पानापासून वाचायला घेणार आहोत. प्रश्न विचारणाऱ्या त्या मित्राने नॉर्थवेस्टर्नच्या प्रकरणाचे कागद मिळवून मराठीत टिपण करण्याचे कबूल केले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही घेऊन यावे.